मळ्यातल्या रिसॉर्टसाठी वाइन सेलर : खड्डा खणण्याआधी वाचा

नाशिक पट्ट्यात मळ्यावर दहा-बारा खोल्या बांधून पाहुण्यांना राहायला बोलावणारे आता गावोगावी आहेत. द्राक्षबाग दारात, दहा-वीस किलोमीटरवर वायनरी, आणि मुंबई-पुण्याहून आलेला पाहुणा संध्याकाळी वाइन मागणार हे ठरलेलं. मग कधीतरी मालकाच्या मनात येतं की आपल्याकडेही सेलर, म्हणजे वाइन साठवायची गार खोली, हवं. डोळ्यांसमोर चित्र उभं राहतं ते युरोपातलं : जमिनीखालची दगडी कमान, गारवा, मंद दिवे, भिंतीला टेकलेली लाकडी पिंपं. दिंडोरीकडच्या आमच्या मळ्यावर आम्हीही हेच चित्र मनात धरून सुरुवात केली होती. पहिलं बांधकाम अर्धं पाडून दुसऱ्यांदा केलं, तेव्हा कुठे ती खोली नीट चालायला लागली. त्यातून एक गोष्ट पक्की समजली. आपल्या हवेत सेलर म्हणजे तळघर नव्हे, ते कोल्ड स्टोरेजचं धाकटं भावंड आहे. हे एकदा मनाशी ठरलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

तळघराचा मोह

जमिनीत खोल गेलं की गार लागतं, हे खरं. पण किती गार? काही मीटर खाली गेल्यावर जमिनीचं तापमान बारा महिने जवळपास एकच राहतं, आणि ते त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या आसपास असतं. फ्रान्सच्या शाम्पेन भागात ही सरासरी दहा-अकरा अंश आहे. म्हणून तिथल्या खडूच्या जुन्या खाणींमध्ये बाटल्या वर्षानुवर्षं सुखात राहतात. नाशिकची सरासरी चोवीस-पंचवीस अंश. म्हणजे वीस फूट खणलं तरी हातात येणार ते पंचवीस अंश, आणि वाइनला हवेत बारा ते चौदा. मशीन बसवावंच लागतं. मग खड्ड्याचा खर्च कशासाठी?

शिवाय आपली जमीन. वर काळी माती, जी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. खाली मुरूम, त्याखाली कातळ. जुलै-ऑगस्टमध्ये मुरमातून झिरपलेलं पाणी कातळावर साठतं आणि तळघराच्या भिंतीतून आत शिरायला वाट शोधतं. वॉटरप्रूफिंग, आरसीसी भिंत, पाणी उपसायचा पंप, यातच निम्मं बजेट जातं. जुन्या वाड्याचं तळघर आयतं मिळालं असेल तर जरूर वापरा, पण आतून इन्सुलेशन, म्हणजे बाहेरची उष्णता अडवणारा थर, करूनच. नव्यानं बांधणार असाल तर जमिनीवरची, उत्तरेकडची, दुसऱ्या इमारतीच्या सावलीतली खोली निवडा.

आधी बाटल्या मोजा, मग खोली

बारा खोल्यांचं रिसॉर्ट धरू. शनिवार-रविवारी सगळ्या खोल्या भरल्या आणि खोलीमागे एक बाटली गेली, मधल्या दिवसांत आणखी पाच-सहा गेल्या, तर आठवड्याला अठरा-वीस बाटल्या होतात. सहा-सात आठवड्यांचा चालू साठा म्हणजे सव्वाशे ते दीडशे. त्यावर सावकाश खपणाऱ्या रेड आणि काही खास बाटल्या मिळून आणखी दीडशे. तीनशे बाटल्यांत काम भागतं. वाढीला जागा धरून पाचशेंची खोली करा. दोन हजार बाटल्यांचं सेलर बांधून ते निम्मं रिकामं ठेवणं हा पैशांचाही अपव्यय आणि विजेचाही.

पाचशे बाटल्यांना दहा बाय आठ फुटांची खोली पुरते. साडेसातशे मिलीलीटरच्या बाटलीला रॅकमध्ये साधारण दहा सेंटिमीटरचं घर लागतं. तीन मीटर लांब भिंतीवर एका ओळीत तीस बाटल्या बसतात, आणि अठरा ओळी केल्या तर एकाच भिंतीवर पाचशे चाळीस. भरलेली बाटली सव्वा किलोच्या वर भरते, म्हणजे त्या एका रॅकचं वजन सातशे किलोंच्या घरात जातं. हा आकडा सुताराला आणि गवंड्याला आधीच सांगा. रॅक भिंतीला टेकवायचा असला तरी त्याचा भार जमिनीवर उतरला पाहिजे, इन्सुलेशनच्या पॅनेलवर नाही.

भिंती : सगळा खेळ इथे आहे

आमचं पहिलं काम एका इंटिरियरवाल्याकडे दिलं होतं. नऊ इंची विटेच्या भिंतीला त्यानं आतून थर्माकोल लावला, त्यावर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर फळ्या. मार्चमध्ये खोली छान गार झाली. जुलै लागला आणि एका सकाळी दार उघडलं तर कुबट वास. खालच्या दोन ओळींतल्या लेबलांवर राखाडी बुरशीचे ठिपके, काही लेबलं ओली होऊन बाटलीवरून सरकलेली. पिंपळगाव बसवंतला द्राक्षांची कोल्ड स्टोरेज बांधणाऱ्या एका मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी भिंतीवर हात ठेवला, कानाकोपऱ्यातून फिरवला, आणि एक फळी उचकटली. मागून पाण्याची धार लागली. थर्माकोल भिजून स्पंजासारखा झाला होता.

"कागद उलट्या अंगाला लावलाय," एवढंच ते म्हणाले.

पावसाळ्यात बाहेरच्या हवेत खूप बाष्प असतं आणि ते गार बाजूकडे, म्हणजे आत, येऊ पाहतं. बाष्प अडवणारा थर इन्सुलेशनच्या बाहेरच्या, गरम अंगाला हवा. तो आतल्या, गार अंगाला लावला तर बाष्प इन्सुलेशनमध्ये शिरतं, तिथेच त्याचं पाणी होतं आणि बाहेर पडायला वाट उरत नाही. थंड देशांत घरं आतून उबदार ठेवायची असतात, म्हणून तिथे हा थर आत लावतात. तिकडचे फोटो किंवा व्हिडिओ बघून केलेलं काम आपल्याकडे म्हणूनच फसतं.

दुसऱ्या वेळी आम्ही सरळ पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले तक्ते) वापरले, द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजला लावतात तेच, ऐंशी मिलीमीटर जाडीचे. दोन्ही अंगांना पत्रा असल्यामुळे बाष्पाचा प्रश्न पॅनेलच सोडवतो. तुमचं काम उरतं ते सांध्यांचं. प्रत्येक सांधा, वायर आत येते ते प्रत्येक भोक, प्रत्येक कोपरा सीलंटनं बंद झाला पाहिजे. छतालाही पॅनेल, आणि फरशीखालीही इन्सुलेशनच्या कडक शीट घालून त्यावर काँक्रीट. फरशी बहुतेक जण विसरतात.

फरक किती पडतो ते आकड्यांत बघा. दहा बाय आठची, नऊ फूट उंच खोली, बाहेर मे महिन्यातले चाळीस अंश, आत तेरा. ढोबळ हिशेबानं उघड्या विटेच्या खोलीत बाहेरून सतत अडीच हजार वॅटच्या वर उष्णता शिरत राहते. ऐंशी मिलीमीटरच्या पॅनेलनं तीच साडेतीनशे वॅटवर येते. मशीनचा आकार, विजेचं बिल, वीज गेल्यावर खोली किती वेळ टिकते, सगळं या एका आकड्यावर ठरतं. पैसे कमी असतील तर रॅक साधे करा, दार साधं करा, पॅनेलच्या जाडीत मात्र काटकसर करू नका.

काचेची भिंत

जेवणाच्या हॉलमधून बाटल्या दिसाव्यात असं प्रत्येकाला वाटतं, आणि ते दिसतंही देखणं. पण सात फूट बाय आठ फुटांच्या साध्या एकेरी काचेतून, हॉल तीस अंशांवर असताना, साडेचारशे वॅटच्या पुढे उष्णता आत येते. बाकी अख्ख्या खोलीतून येते त्याहून जास्त! शिवाय पावसाळ्यात काचेच्या हॉलकडच्या अंगाला दव धरतं, पाणी ओघळून फरशीवर येतं आणि आतलं काही धड दिसतही नाही. काच हवीच असेल तर दुहेरी घ्या, आकार खिडकीएवढा ठेवा, आणि तिच्यावर थेट ऊन कधीच पडणार नाही अशा बाजूला लावा.

मशीन

घरगुती स्प्लिट एसी लावून भागेल, असं हमखास सुचवलं जातं. भागत नाही. तो सोळा-अठरा अंशांच्या खाली सेट होत नाही, आणि हवा कोरडी करणं हे त्याच्या कामातच बसतं. वाइनला साठ ते सत्तर टक्के आर्द्रता हवी. सतत पन्नासच्या खाली राहिली तर बुचं हळूहळू सुकतात, आकसतात आणि हवा आत जाते. पंच्याहत्तर-ऐंशीच्या वर गेली तर लेबलांना बुरशी धरते.

तयार वाइन कूलिंग युनिट मिळतात, त्यांची किंमत परवडत असेल तर उत्तम. नाहीतर कोल्ड स्टोरेजवाल्याकडून छोटं कंडेन्सिंग युनिट (उष्णता बाहेर टाकणारं, बाहेर बसणारं यंत्र) आणि आत कॉइल (हवा गार करणाऱ्या नळ्यांची जाळी) बसवून घ्या. त्याला एक गोष्ट ठासून सांगा : आतली कॉइल गरजेपेक्षा मोठी हवी. मोठी कॉइल खोलीपेक्षा फार थंड न होता काम करते, त्यामुळे हवेतलं पाणी कमी ओढते. द्राक्षांची खोली शून्याच्या आसपास आणि नव्वदच्या वर आर्द्रतेत चालवण्यात या लोकांचा हात बसलेला असतो. त्यांच्यासाठी तेरा अंश हे सोपं काम आहे. फक्त तुम्हाला काय हवंय ते आकड्यांत सांगा.

बाहेरचं युनिट पश्चिमेच्या उन्हात ठेवू नका. कॉइलच्या पाण्याच्या पाइपला यू-आकाराचा वळसा द्या, नाहीतर त्याच पाइपातून गरम हवा आणि झुरळं आत येतात.

वीज जाणार हे गृहीत धरा. पाचशे बाटल्या भरलेल्या असतील तर त्यांचं वस्तुमानच खोलीला सावरतं. मेच्या भर दुपारीही तापमान तासाला अर्धा-पाऊण अंशाच्या वर चढत नाही, म्हणजे चार तासांच्या लोडशेडिंगमध्ये दोन-तीन अंश. यानं वाइनचं काही बिघडत नाही. खोली अर्धी रिकामी असेल तर ती दुप्पट वेगानं तापते. अशा वेळी रिकाम्या घरांत पाण्यानं भरलेल्या बाटल्या ठेवा. हा उपाय फुकट आहे आणि खरोखर उपयोगी पडतो.

तापमान मोजतानाही पाण्याचीच बाटली वापरा. थर्मामीटरचा सेन्सर हवेत टांगला तर दार उघडलं की आकडा उडी मारतो आणि माणूस विनाकारण घाबरतो. वाइनच्याच एका रिकाम्या बाटलीत पाणी भरून, सेन्सर आत सोडून, तोंड बंद करून ती मधल्या ओळीत ठेवा. तो आकडा तुमच्या वाइनचा. दुसरा सेन्सर छताजवळ, आर्द्रतेसाठी. रोज सकाळी आणि दुपारी तीनला दोन्ही आकडे वहीत लिहा. तेरा अंशच हवेत असा हट्ट नको, चौदा-पंधरा स्थिर असले तरी चालतात. सकाळी बारा अंश आणि दुपारी वीस अंश, असं रोज होणं घातक. वाइन तापली की फुगते आणि बुचाला बाहेर ढकलते, गार झाली की आकसून हवा आत ओढते.

वास, उजेड, वाळवी

मळ्यावरच्या सेलरला शहरातल्या हॉटेलपेक्षा वेगळे शत्रू असतात. कांदाचाळ, गोठा, फवारणीच्या औषधांची खोली, डिझेल जनरेटर, या चारही गोष्टींपासून ही खोली लांब हवी. बुचातून हवा अगदी थोडी का होईना ये-जा करते, आणि उग्र वासात महिनोन्‌महिने राहिलेल्या बाटलीवर त्याचा परिणाम होऊ शकतो. आत फिनाईल नको, डांबरगोळ्या नकोत, ताजं पॉलिश नको. क्लोरीनची ब्लीचिंग पावडर तर अजिबातच नको : क्लोरीन, लाकूड किंवा पुठ्ठा आणि बुरशी एकत्र आले की टीसीए नावाचं द्रव्य तयार होतं, आणि त्याच्या अत्यल्प मात्रेनंही वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. फरशी कोमट पाणी आणि थोडा खाण्याचा सोडा यांनी पुसा.

रॅक सागवानाचे किंवा पावडर कोटिंग केलेल्या लोखंडी अँगलचे. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेले तक्ते) आणि साधा प्लायवूड ओलाव्यानं फुगतात. बाटल्यांचे खोके आत साठवू नका. पुठ्ठा ओल धरतो आणि वाळवीला आमंत्रण देतो.

दिवे एलईडीचे, पिवळसर, आणि माणूस आत असेल तेवढाच वेळ लागणारे. पारदर्शक काचेच्या बाटलीतली रोझे (गुलाबी वाइन) किंवा व्हाइट उन्हात काही तासांतही बिघडते. रेस्टॉरंटच्या खिडकीत शोभेला बाटल्या ठेवायच्या असतील तर त्या रिकाम्या ठेवा.

आत काय ठेवायचं

इथे माझं मत ठाम आहे : नाशिकच्या मळ्यावरच्या सेलरमध्ये सत्तर टक्के बाटल्या आपल्या भागातल्या हव्यात. २००० साली सुलाची पहिली वाइन बाजारात आली, २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, आणि थॉमसन या खाण्याच्या द्राक्षांच्या बागांशेजारी सोव्हिन्यों ब्लाँ, शेनिन ब्लाँ, शिराझच्या वेली उभ्या राहिल्या. पाहुणा ज्या शिवारात राहायला आलाय तिथली वाइन त्याला द्यावी. चिलीची स्वस्त बाटली त्याला मुंबईतही मिळते.

आपल्या व्हाइट आणि रोझे ताज्याच चांगल्या. शेनिन, सोव्हिन्यों ब्लाँ, रोझे, झिनफँडेलची हलकी रेड, हे सगळं वर्ष-दीड वर्षात संपलं पाहिजे. त्यामुळे लेबलवरचं साल बघायची सवय लावा. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या काड्या फुटाव्यात म्हणून केलेली), सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च. युरोपात तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरला होते. म्हणजे लेबलवर एकच साल असलं तरी आपली वाइन युरोपातल्यापेक्षा सहा-आठ महिन्यांनी मोठी असते. पावसाळा संपताना नवीन सालाची व्हाइट भरा आणि जुनी दिवाळीपर्यंत काढून टाका.

टिकणाऱ्या बाटल्यांत सुलाची रासा शिराझ, यॉर्कची आरोस, सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजकडच्या फ्रातेल्लीची सेत्ते, नंदी हिल्सच्या ग्रोव्हरची ला रिझर्व्ह, अशा ओक पिंपात मुरलेल्या रेड येतात. त्या चार-पाच वर्षं सहज राहतात आणि सेलरचा खरा उपयोग त्यांनाच होतो. दर वर्षी प्रत्येकीच्या सहा बाटल्या बाजूला ठेवा. तीन वर्षांनी एकाच वाइनची तीन सालं पाहुण्यासमोर मांडता येतात, आणि असा अनुभव शहरातली फार थोडी हॉटेलं देऊ शकतात. फेसाळणाऱ्या वाइनसाठी दिंडोरीची शाँदों आहे, सुला ब्रूट आहे. जेवणानंतरच्या गोडासाठी सुलाची लेट हार्वेस्ट शेनिन ठेवा, पुरणपोळीबरोबर ती सुरेख लागते.

बूच असलेल्या बाटल्या आडव्या, म्हणजे बूच ओलं राहतं. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांना फिरकीचं झाकण असतं, त्या उभ्या ठेवल्या तरी चालतात. त्यांना रॅकची महाग घरं देऊ नका, खाली फळीवर उभ्या करा. व्हाइट खाली, रेड वर, कारण खाली एक-दोन अंश गार असतं.

माल आत घेताना

सेलर कितीही चांगलं असलं तरी एप्रिलच्या दुपारी टेम्पोत तीन तास तापलेली बाटली ते वाचवू शकत नाही. माल सकाळी लवकर मागवा, आणि उतरवून घेण्याआधी प्रत्येक खोक्यातली एक बाटली हातात घेऊन बघा. कॅप्सूलवर, म्हणजे बुचावरच्या वेष्टणावर, अंगठा फिरवा. बूच वर सरकल्याचा उंचवटा लागला, किंवा तोंडाशी चिकट लागलं, तर ती बाटली तापलेली आहे. खोका परत करा. भीड नको.

आत घेतलेल्या बाटलीच्या मानेला टॅग बांधा : नाव, साल, आल्याची तारीख, आणि कधीपर्यंत संपवायची तो महिना. आडव्या बाटलीचं लेबल वाचायला ती उपसावी लागते, टॅग असला की लागत नाही. आधी आलेली आधी बाहेर, हा नियम कांद्याच्या चाळीपासून सगळ्यांना माहीत आहे, इथेही तोच.

परवान्याचं काम बांधकामाच्या आधी करा. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय पाहुण्याला एक ग्लासही विकता येत नाही. साठ्याची खोली कुठे आहे ते नकाशात दाखवावं लागतं, साठ्याची नोंदवही ठेवावी लागते. सेलर बांधून झाल्यावर नकाशा बदलत बसण्यापेक्षा तालुक्याच्या निरीक्षकांना आधी भेटलेलं बरं.

पाहुण्यांना आत नेताना

सेलरमध्ये जेवणाचं टेबल मांडायचा विचार सोडून द्या. एक माणूस बसल्या बसल्या शंभर वॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकतो. आठ जण तासभर जेवायला बसले तर ते अख्ख्या भिंतींमधून येणाऱ्या उष्णतेच्या दुप्पट झालं. सहा-सात जणांना दहा मिनिटांसाठी आत न्या, बाटल्या दाखवा, त्यांनाच एक निवडू द्या, आणि चाखायला बाहेर ओसरीवर या. तेरा अंशांत तशीही ज्येष्ठ मंडळी कुडकुडतात.

वाढण्याचं तापमान वेगळं असतं. फेसाळणारी सहा ते आठ अंश, व्हाइट आठ ते दहा, म्हणून त्या सेलरमधून काढून अर्धा तास फ्रिजमध्ये, किंवा बर्फ आणि पाणी अर्धं-अर्धं घातलेल्या बादलीत पंधरा-वीस मिनिटं. नुसता बर्फ नको, पाण्याशिवाय तो बाटलीला नीट भिडत नाही. रेड सोळा ते अठरा, म्हणून सेलरमधून काढून पंधरा-वीस मिनिटं टेबलावर. रेड खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला थंड देशातल्या खोल्यांचा आहे. मेमध्ये आपली खोली बत्तीस अंशांची असते आणि त्या तापमानाला कुठल्याही रेडमधलं अल्कोहोल नाकात चढतं.

मार्चअखेरची कामं

तोडणी आटोपली आणि खरड छाटणी सुरू व्हायच्या आधीचा आठवडा सेलरसाठी राखून ठेवा. बाहेरच्या युनिटच्या जाळीत वर्षभराची धूळ आणि पाचोळा अडकलेला असतो, तो पाण्यानं धुऊन काढा. आतला पाण्याचा पाइप तुंबला नाही ना ते तांब्याभर पाणी ओतून बघा. सगळे रॅक एकदा मोजा आणि वहीशी ताडून बघा. शेवटी दाराचं रबर : वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढून बघा. चारही बाजूंनी, वर आणि खालीसुद्धा. पट्टी अडकून राहायला हवी. जिथे ती सहज निसटते तिथलं रबर त्याच आठवड्यात बदलून घ्या, मे महिन्यात मिस्त्री द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजवर असतात आणि हाताला लागत नाहीत.